कागद गेला तर गेला, नंबर राहू दे : घरातली कागदपत्रं लावायची कशी आणि हरवली तर मिळवायची कशी

२५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. माझी मावशी तिथे तळमजल्यावर राहायची. आम्ही दुपारी पोचलो तेव्हा गोदरेजच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यातली निळी रेक्झिनची पिशवी तिच्या मांडीवर होती. पिशवीत फ्लॅटचा करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, काकांचा मृत्यूदाखला, तिची मॅट्रिकची मार्कशीट, आणि या सगळ्याचा मिळून झालेला एक लगदा. गाद्या, फ्रिज, गव्हाची कोठी, कशाबद्दल अवाक्षर बोलली नाही. "अरे, घरच गेलं की रे," एवढंच म्हणाली.

घर गेलं नव्हतं. नोंदणी झालेल्या दस्ताच्या प्रत्येक पानावर एक चौकोनी शिक्का असतो. त्यात 'हवल' अशी अक्षरं, पुढे कार्यालयाचा क्रमांक, मग दस्ताचा क्रमांक, पान क्रमांक आणि साल. 'हवल' म्हणजे हवेली तालुका. मधल्या एका पानावर तो शिक्का वाचता येत होता. मोबाइलवर फोटो काढला आणि मावशीला म्हटलं, "अगं, हे एवढं पुरे आहे."

ज्यांनी आजवर घरातल्या कागदांना हात लावला नाही (वडिलांनी बघितलं, नवऱ्याने बघितलं, नाहीतर कुणीच बघितलं नाही) त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आपल्याकडचा बहुतेक प्रत्येक कागद म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी वहीतल्या नोंदीची प्रत असते. ती वही कुठे आहे आणि त्यात आपला नंबर काय, हे माहीत असेल तर कागद पुन्हा मिळतो. माहीत नसेल तर पाच मिनिटांच्या कामाला पाच हेलपाटे.

आधी सगळं सतरंजीवर

एक रविवार काढा. कपाटातला चोरकप्पा, माळ्यावरची ट्रंक, देवघराखालचा ड्रॉवर, गादीखालची पाकिटं, सासूबाईंची 'महत्त्वाचं' लिहिलेली कॅरीबॅग, सगळं एकत्र आणा. लोक इथे विषयवार फायली करायला बसतात: बँक, घर, शाळा, दवाखाना. तसं नको. आधी 'हरवला तर किती त्रास होईल' या हिशोबाने तीन ढीग करा.

पहिला ढीग पुन्हा न मिळणाऱ्या कागदांचा. घराचा मूळ दस्त याच ढिगात, कारण सही-शिक्क्याची नक्कल मिळते, पण मूळ दस्त पुन्हा कुणीही देत नाही. फ्लॅट रिसेलचा असेल तर आधीच्या मालकांचे करारनामेही यातच. बिल्डरपासून तुमच्यापर्यंतची ती साखळी विकताना बँक मागते आणि तेव्हा मधलीच एक कडी सापडत नाही. घरी लिहिलेलं, नोंदणी न केलेलं मृत्युपत्र, भावाभावांमधलं वाटणीपत्र, हातउसन्या पैशांची चिठ्ठी, हेही इथेच.

आणि आजोबांचा शाळेचा दाखला. तो पिवळा, कोपरे उडालेला कागद बघून 'आता याचं काय काम' असं वाटतं. नातवाच्या जातपडताळणीच्या वेळी कळतं काय काम ते. महाराष्ट्रात त्यासाठी ठरावीक तारखेआधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे तुमचा स्वतःचा दाखला कितीही कोरा करकरीत असला तरी खरं वजन त्या फाटक्या कागदाला. घरात मोडीतलं काही निघालं तर वाचता येत नाही म्हणून रद्दीत टाकू नका. पुण्यात मोडी वाचून देणारी माणसं अजून आहेत.

दुसऱ्या ढिगात मिळतात पण दमवतात असे कागद: शेअर सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या मार्कशीट, पासपोर्ट, विम्याची पॉलिसी, लग्नाचं प्रमाणपत्र. तिसऱ्यात घरबसल्या मिळणारे: आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, गाडीचं आरसी, सातबारा. गंमत अशी की घरोघरी सगळ्यात जपून ठेवलेला असतो तो हा तिसरा ढीग.

उरलेलं फेका. लाइट बिलं वर्षभराची पुरे. मिळकतकराच्या पावत्या मात्र सगळ्या ठेवा. स्वतः राहत असल्याबद्दलची ४० टक्के सवलत मिळत असेल तर त्याचे कागदही त्यांच्याबरोबर लावा. आयकराचे कागद सात-आठ वर्षांचे असू द्यात. आणि फेकायचं म्हणजे फाडून फेकायचं. मी एकदा वडापाव खाऊन कागद उलटा केला तर मागे कुणाचा तरी कर्जाचा अर्ज, फोटोसकट. रद्दीवाल्याचा काय दोष, त्याला आपणच दिलं.

यादी

या कामाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे जरा वेळ काढा. एक साधी दोनशे पानी वही घ्या किंवा संगणकावर तक्ता करा. प्रत्येक कागदासमोर पाच गोष्टी लिहा: नंबर, कुणी दिला, कधी दिला, कुणाच्या नावावर कसं स्पेलिंग आहे, आणि घरात कुठे ठेवलाय.

नंबर नेमका कुठला लिहायचा, इथे नवखा माणूस चुकतो.

घरासाठी शिक्क्यातला हवेलीचा कार्यालय क्रमांक, दस्त क्रमांक आणि साल, तिन्ही. पुण्यात हवेलीची दुय्यम निबंधक कार्यालयं पंचवीसच्या वर आहेत. नुसता दस्त क्रमांक घेऊन गेलात तर कुठल्या खिडकीत उभं राहायचं हेच कळणार नाही. सोबत इंडेक्स टूचं पान असेलच. खरेदी कुणी कुणाला, केव्हा, किती चौरस मीटर, किती रकमेला दिली हे त्या एका पानावर असतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या भागातले २००२ पासूनचे दस्त शोधता येतात, तेव्हा हे पान आजच काढून बघा. नाव किंवा क्षेत्रफळ चुकलं असेल तर ते आज कळलेलं बरं.

शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक, आणि त्यावरच्या भागांचे 'पासून–पर्यंत' हे आकडे. शक्य असेल तर सेक्रेटरींकडे जाऊन सोसायटीच्या आय रजिस्टरमध्ये, म्हणजे सभासदांच्या नोंदवहीत, आपली नोंद आहे ना तेही डोळ्यांनी पाहून या. सर्टिफिकेट ही प्रत, रजिस्टर ही वही.

दहावी-बारावीसाठी सीट नंबर, साल, आणि मार्च की ऑक्टोबर. हा शेवटचा तपशील लोक विसरतात, आणि ऑक्टोबरवाल्यांना तो आठवायचाही नसतो. शाळेच्या दाखल्यासाठी जनरल रजिस्टर नंबर. लाइट बिलाचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, महापालिकेचा मिळकत क्रमांक, गॅसचा ग्राहक क्रमांक. एफडीसमोर पावती क्रमांक, मुदत कधी संपते आणि नॉमिनी कोण.

स्पेलिंगचा रकाना लोकांना फालतू वाटतो. भरून बघा. आधारवर मधलं नाव पूर्ण, पॅनवर नुसतं आद्याक्षर, पासपोर्टवर आडनाव आधी, मार्कशीटवर 'दिपक' आणि दाखल्यावर 'दीपक'. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं तर विचारूच नका, माहेरचं अर्धं, सासरचं अर्धं. हे एका तक्त्यात समोरासमोर दिसलं की कुठला कागद आधी दुरुस्त करायचा ते ठरवता येतं.

आणि एक रकाना मोबाइल नंबरचा. आधार, बँक, पॅन कुठल्या नंबरला जोडलेत? आजकाल निम्म्या गोष्टी ओटीपीवर मिळतात, आणि तो ओटीपी तीन वर्षांपूर्वी बंद केलेल्या सिमवर जातो. हरवलेला आधार नंबर ऑनलाइन परत मिळतो, पण नोंदवलेला मोबाइल चालू असेल तर. नसेल तर आधार केंद्रावर जाऊन बोटं टेकवण्यावाचून गत्यंतर नाही.

ठेवायचं कुठे

पहिलं म्हणजे जमिनीपासून वर. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या घरांमधून कागदांच्या पेट्याच्या पेट्या वाहून गेल्या. त्यानंतर पुणेकरांनी धडा घेतला म्हणावं, तर २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने तेच केलं आणि २०२४ मध्ये मुठेने. कपाटाचा खालचा कप्पा चपला-चादरींसाठी. कागद डोक्याच्या उंचीला.

दुसरं, लॅमिनेशन करू नका. आधारचं कार्ड केलंत तर ठीक आहे, पण दस्त, पदवी, जन्मदाखला कधीही नाही. मागच्या शिक्क्याची शाई तपासता येत नाही, नवा शिक्का मारता येत नाही, परदेशी जाताना साक्षांकनाच्या खिडकीवर कागद परत येतो. आणि एकदा चिकटलेलं प्लॅस्टिक कागदाची साल घेऊनच सुटतं.

अप्पा बळवंत चौकात जा आणि पारदर्शक कप्प्यांची फाइल आणि एक झाकणवाली प्लॅस्टिकची पेटी आणा, फार खर्च येत नाही. एका कप्प्यात एकच कागद. टाचण्या आणि स्टेपल काढून टाका. पुण्याच्या चार पावसाळ्यांत त्या गंजतात आणि कागदावर तपकिरी डाग सोडतात. घडी घातलेला दस्त उलगडून सपाट ठेवा, कारण फाटतो तो घडीवरच. कसर लागू नये म्हणून आजी कापडाच्या पुरचुंडीत वेखंड बांधून ठेवायची, ते आजही चालतं. डांबरगोळ्या ठेवायच्या तर कागदाला टेकू देऊ नका. दसऱ्याच्या आसपास, पाऊस सरला की पेटी उघडून दिवसभर पंख्याखाली ठेवा.

जुन्या दफ्तरांत कागद कापडात बांधत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. इथल्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे असे हजारो रुमाल आहेत, आणि दोन-अडीचशे वर्षांनी त्यातला कागद वाचता येतो. आपल्या एटीएमच्या आणि कार्ड मशीनच्या चकचकीत पावत्या दोन उन्हाळ्यांत कोऱ्या होतात. त्यांची झेरॉक्स काढून ठेवा, महागड्या वस्तूंच्या बिलांची तर नक्की.

पहिला ढीग बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा का? मूळ दस्त ठेवावा. चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच माणसाने केलेली लबाडी यात लॉकरमधलं गेलं तर वार्षिक भाड्याच्या शंभरपट रकमेपर्यंत बँक जबाबदार असते, पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत मात्र नाही. म्हणून लॉकरचा खण तळघरात असेल तर मी दोनदा विचार करीन. मृत्युपत्र लॉकरमध्ये ठेवू नका. ज्या दिवशी ते हवं असतं त्या दिवशी नेमका लॉकर उघडता येत नाही.

मोबाइलमधली प्रत

डिजिलॉकर घ्या, पण त्यातला एक फरक समजून घ्या. सरकारी खात्याकडून थेट त्यात आलेला कागद (लायसन्स, आरसी, पॅन) मूळ कागदाइतकाच कायदेशीर धरला जातो. तुम्ही फोटो काढून चढवलेला कागद म्हणजे नुसता फोटो. दोन्ही एकाच ॲपमध्ये दिसतात म्हणून गोंधळ होतो.

बाकीच्यांचे फोटो काढताना मागची बाजूही घ्या, शिक्के मागेच असतात. फाइलला नाव द्या. 'आयएमजी २०२३…' अशा नावाने मुलगी अमेरिकेहून काय शोधणार? 'आई_शेअर सर्टिफिकेट' असं असलं की सापडतं. एक प्रत पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या घरी ठेवा, बहिणीकडे, भावाकडे. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधार टाकायची सवय मोडा. हॉटेलात, भाडेकराराच्या एजंटला द्यायचं झालं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार डाउनलोड करून द्या.

हरवलं तर

आधी पोलिसांकडे हरवल्याची नोंद. पुणे शहर पोलिसांच्या संकेतस्थळावर ती करता येते, चौकीत जावं लागत नाही. मात्र हद्द बघा. २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं आहे, आणि त्या पलीकडे ग्रामीण पोलीस. वस्तू कुठे हरवली ते महत्त्वाचं, तुम्ही कुठे राहता ते नाही. त्या पावतीच्या चार झेरॉक्स काढून ठेवा.

मग शपथपत्र. लगेच स्टॅम्पपेपर घ्यायला धावू नका. राज्य सरकारने २०१५ मध्येच बऱ्याचशा कामांसाठी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणि स्वतः सही केलेल्या प्रती चालतील असं ठरवलं. "शपथपत्र लागेल" असं खिडकीवर ऐकलं तर "साहेब, स्वयंघोषणापत्र चालेल ना?" एवढं नम्रपणे विचारून बघा. कधी चालतं, कधी नाही.

घराचा दस्त हरवला तर ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झाली तिथेच नक्कलेचा अर्ज करायचा. क्रमांक असेल तर काम सरळ आहे. पुढे घर विकायचं किंवा गहाण ठेवायचं असेल तर पोलिसांची नोंद आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीसही लागते, कारण मूळ दस्त कुणाकडे गहाण तर नाही ना ही शंका घेणाऱ्याला असतेच. ती नोटीस हरवल्याबरोबर द्या, गिऱ्हाईक आल्यावर नव्हे.

कर्ज फिटलंय आणि कागद बँकेतच अडकलेत, असंही पुष्कळ घरांत असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. बँकेनेच हरवले तर नकला मिळवायला मदत आणि खर्चही तिचाच. माझ्या एका मित्राला एका बँकेत दोन महिने "फाइल गोडाउनला आहे" हेच ऐकू येत होतं. नियमाचा उल्लेख करून लेखी पत्र दिलं, पोच घेतली, आणि आठवड्यात फाइल आली. तोंडी विचारणं आणि पोच घेणं यात एवढा फरक.

शेअर सर्टिफिकेटसाठी सोसायटीकडे अर्ज, पोलिसांच्या नोंदीची प्रत, हमीपत्र, बहुतेक ठिकाणी जाहीर नोटीस. कमिटीच्या बैठकीत ठराव झाला की दुय्यम सर्टिफिकेट मिळतं. कमिटीची बैठक कधी होते हा मात्र दैवाचा भाग.

जन्म-मृत्यूच्या दाखल्यात पुण्यातला घोळ हद्दीचाच. नोंद घटना जिथे घडली तिथे होते, राहत्या पत्त्यावर नाही. कोथरूडला राहणाऱ्या बाईचं बाळंतपण चिंचवडच्या रुग्णालयात झालं असेल तर दाखला पिंपरी-चिंचवड महापालिकेचा. पुणे, खडकी आणि देहूरोड कँटोन्मेंटची रजिस्टरं पुन्हा वेगळी. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. त्याआधीचा जन्म असेल तर नोंद त्या वेळच्या ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात, म्हणून विचारताना गाव आणि साल आधी सांगा. मुलांच्या दाखल्याबाबत चालढकल नकोच: १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो.

शाळेचा दाखला शाळेकडून, मार्कशीट शाळेमार्फत किंवा थेट विभागीय मंडळाकडून, पुण्याचं मंडळ शिवाजीनगरला आहे. पॅन, आधार, मतदार ओळखपत्र, लायसन्स ऑनलाइन. मतदार ओळखपत्रासाठी नमुना ८ भरायचा. आधारचा मदत क्रमांक १९४७, मतदार यादीचा १९५०, स्वातंत्र्य आणि प्रजासत्ताकाची सालं आहेत म्हणून लक्षात राहतात. पासपोर्ट हरवला तर अर्ज नव्याने 'री-इश्यू'चा, भेट मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात.

भिजलेले कागद

हे मावशीच्या पिशवीवर शिकलो. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. उन्हात टाकू नका, इस्त्री तर अजिबात नको. गठ्ठा तसाच ताटात ठेवून वरची पानं जशी सुटतील तशी सोडवायची, मध्ये कोरे पांढरे कागद घालायचे (वर्तमानपत्र नाही, त्याची शाई उतरते) आणि पंख्याखाली सावलीत वाळवायचं. दोन दिवसांत वाळवणं जमणार नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशी थांबते आणि सवडीने एकेक पान काढता येतं. शेजारच्यांच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी मावशीची मार्कशीट तीन आठवडे होती. बॉलपेनचं लिखाण टिकलं, शाईपेनच्या सह्या मात्र जांभळ्या डागात गेल्या.

करारनाम्याची नक्कल मिळाली. मग तिच्याबरोबर बसून यादी केली. ती सांगायची, मी लिहायचो. एफडीच्या पावत्यांपर्यंत आलो, नॉमिनीच्या रकान्यात काय लिहू म्हणून पावती बघितली, तर काकांचं नाव. त्यांना जाऊन सहा वर्षं झालेली. पाचही पावत्यांवर तेच. त्या वेळी एकच नाव देता यायचं, १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. मावशीने चष्मा काढून पावत्या पुन्हा एकदा वाचल्या आणि विचारलं, "बँक उद्या उघडी आहे ना रे? दुसरा शनिवार नाही ना?"